जिंजीचे डोंगर : एक भूदृश्य, चार वाङ्मयपरंपरा

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या शीर्षकाखाली बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा किल्ले आजच्या महाराष्ट्रात आहेत. बारावा, जिंजीचा, तमिळनाडूतील विळुप्पुरम जिल्ह्यात आहे. या शीर्षकातील ‘लँडस्केप’ हा शब्द विचार करावयास लावणारा आहे. किल्ला म्हणजे केवळ तट-बुरूज नव्हेत, तर डोंगर, पाणी, पर्जन्य, रान आणि वस्ती यांसह उभे राहणारे एक भूदृश्य होय, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मात्र भूदृश्य म्हटले की पाहणारा आलाच, आणि पाहणाऱ्याची भाषाही आली. जिंजीच्या डोंगरांना मराठी वाङ्मयाने कसे पाहिले, आणि त्याच डोंगरांना फारसी, संस्कृत व तमिळ या भाषांतील लेखनाने कसे पाहिले, याची तुलना करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या तुलनेतून एक विरोधाभास पुढे येतो. शिवकालाविषयीचे मराठीतील सर्वांत महत्त्वाचे गद्य ज्या डोंगरांच्या आश्रयाने लिहिले गेले, ते डोंगर त्या गद्यात जवळजवळ दिसत नाहीत. हे का घडले असावे, आणि ‘मराठा’ या विशेषणाने त्या भूदृश्याचा निर्देश करताना आपण कोणती जबाबदारी घेतो, हे येथे पाहावयाचे आहे.

१

प्रथम स्थळाविषयी. चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरीचा परिसर आहे. आज तो माहिती-तंत्रज्ञानाच्या वसाहतीमुळे ओळखला जातो. तेथपासून नैर्ऋत्येस रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आत जिंजी येते. या वाटेवर सह्याद्रीसारखी अखंड पर्वतराजी कोठेच नाही. सपाट मैदान, भातखाचरे, पावसाचे पाणी साठविणारे विस्तीर्ण तलाव, आणि मध्येच जमिनीतून एकाएकी वर आलेल्या खडकाळ टेकड्या, असे या प्रदेशाचे रूप आहे. सेंट थॉमस माउंट व पल्लावरम येथील टेकड्या याच जातीच्या. तेथील दगडास भूशास्त्रात ‘चार्नोकाइट’ असे नाव आहे, कारण कोलकात्यातील जॉब चार्नॉक याच्या थडग्यावरील शिला त्याच दगडाची आहे. या प्रदेशात उंची हा अपवाद आहे, आणि म्हणूनच उंचवट्यावर सत्ता व श्रद्धा या दोहोंनीही आपापली ठाणी वसविली.

जिंजीचा डोंगरसमूह लहान आहे. पश्चिमेस राजगिरी, उत्तरेस कृष्णगिरी आणि आग्नेयेस चंद्रायणदुर्ग, ज्यास चक्किलिदुर्ग असेही म्हणतात, या तीन टेकड्या त्यात मुख्य आहेत. राजगिरी सर्वांत उंच, सुमारे अडीचशे मीटरची. परंतु तिचे खडक इतके उभे आणि शिळांचे ढिगारे इतके अस्ताव्यस्त आहेत की ती आहे त्याहून उंच भासते. तिच्या माथ्याजवळ एक खोल नैसर्गिक घळ आहे, आणि ती ओलांडण्यास पूल हा एकच मार्ग आहे. तिन्ही टेकड्यांना जोडणाऱ्या तटाने एक प्रचंड त्रिकोण सिद्ध होतो. त्याच्या पोटात देवळे, कोठारे, तलाव, कल्याणमहाल आणि एकेकाळी भरवस्तीचे नगर होते.

सह्याद्रीतील गड आणि हा गड यांत मूलभूत भेद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गप्रकरणी असा दंडक आहे, की गडाजवळ दुसरा पर्वत असू नये, असल्यास सुरुंगांनी फोडून कमी करावा, आणि ते साधत नसल्यास तोही बांधून गडाच्या आटोक्यात आणावा. सह्याद्रीतील अनुभवातून आलेल्या या शास्त्राने पाहिले तर जिंजी ही सदोष जागा ठरते, कारण तेथे तीन टेकड्या परस्परांवर नजर ठेवून उभ्या आहेत. जिंजीच्या बांधकामकर्त्यांनी या दोषालाच गुण केले. तिन्ही टेकड्या एका तटात घेतल्याने मधले मैदान सुरक्षित झाले, आणि डोंगरी किल्ल्यास सहसा न लाभणारी शेती, पाणी व बाजारपेठ गडाच्या आतच आली. दीर्घ वेढा सोसण्याचे सामर्थ्य या रचनेत होते.

२

या डोंगरांचा लिखित इतिहास मराठ्यांच्या कितीतरी आधी सुरू होतो. जिंजीच्या उत्तरेस सिंगवरम् नजीक तिरुनाथरकुन्रु नावाची टेकडी आहे. तिच्या एका शिळेवर चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, आणि चंद्रनंदी नामक जैन आचार्यांनी सत्तावन्न दिवस अनशन करून देह ठेवल्याची नोंद करणारा प्राचीन तमिळ लेखही तेथे आहे. सिंगवरम् येथेच खडकात कोरलेले रंगनाथाचे मंदिर आहे. जिंजीहून विळुप्पुरमकडे जाताना मंडगपट्टु येथे पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा याचे सातव्या शतकातील शैलमंदिर लागते. विटा, लाकूड, धातू व चुना यांवाचून हे देवालय निर्माण केले, असे त्यातील संस्कृत लेख अभिमानाने सांगतो. म्हणजे येथील खडक प्रथम देह ठेवण्याची जागा, नंतर देवाचे घर, आणि बऱ्याच काळाने तटबंदीचा पाया झाला. तमिळ जैनांचा मठ आजही जवळच मेल्सित्तामूर येथे आहे, यावरून ही पहिली परंपराही खंडित झालेली नाही असे दिसते.

तटबंदीची परंपरा स्थानिक वृत्तांतांत कोन, म्हणजे गवळी-धनगर समाजाच्या राजांपासून सुरू होते. मॅकेंझी संग्रहाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नारायणन् पिळ्ळै याने तमिळमध्ये रचलेल्या ‘कर्नाटक राजाक्कळ् सविस्तार चरित्रम्’ या ग्रंथात आनंद कोन याने बाराव्या शतकाच्या अखेरीस डोंगरावर गड बांधिला, आणि कृष्ण कोन याच्यावरून उत्तरेकडील टेकडीस कृष्णगिरी हे नाव पडले, असे सांगितले आहे. पुढे विजयनगरच्या आधिपत्याखालील नायकांनी जिंजीला नगराचे वैभव दिले. इ. स. १५९७ मध्ये तेथे आलेल्या पिमेंटा या जेझुइट पाद्र्याने लिस्बन वगळता पोर्तुगालातील कोणत्याही नगराहून जिंजी मोठी असल्याचे नमूद केले आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास गड विजापूरच्या ताब्यात गेला.

इ. स. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली. तिचे महत्त्व त्यांनी ताबडतोब ओळखले, याची साक्ष परकीय लेखनात मिळते. आंद्रे फ्रेरे या जेझुइटाने इ. स. १६७८ च्या पत्रात जिंजीभोवती नवे तट, खंदक व बुरूज उभारण्याचे काम किती झपाट्याने चालले होते याचे वर्णन केले आहे. हा खर्च व श्रम पुढे बारा वर्षांनी उपयोगी पडले.

३

इ. स. १६८९ हे वर्ष मराठी राज्याच्या इतिहासात अत्यंत बिकट ठरले. मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती गेला, आणि येसूबाई व बाल शाहू कैद झाले. तत्पूर्वी राजाराम महाराज रायगडाहून निसटून पन्हाळ्यास आले होते. तेथून वेष पालटून बेदनूर, बंगळूर व वेलूर या मार्गाने ते वर्षअखेरीस जिंजीस पोहोचले. येथून आठ वर्षे जिंजी ही मराठी राज्याची राजधानी होती. सप्टेंबर १६९० मध्ये जुल्फिकारखानाने वेढा घातला, आणि मधल्या खंडांसह तो इ. स. १६९८ च्या आरंभापर्यंत चालला. तत्पूर्वीच राजाराम महाराज गडाबाहेर पडून महाराष्ट्राच्या वाटेस लागले होते.

या आठ वर्षांनी मराठी वाङ्मयाला दोन महत्त्वाच्या कृती दिल्या. एक संस्कृतात आहे आणि दुसरी मराठीत.

संस्कृत कृती म्हणजे केशव पंडिताचे ‘राजारामचरितम्’. वा. सी. बेंद्रे यांनी ते इ. स. १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. या काव्याचा विषय राजाराम महाराजांचा जिंजीपर्यंतचा प्रवास हा आहे. येथे जिंजी आहे ती गंतव्य म्हणून. संकटातून सुटलेल्या राजाचे पाऊल जेथे स्थिरावते ते स्थान म्हणून. काव्याची गती जिंजीकडे नेणारी आहे, जिंजीत वसणारी नाही.

मराठी कृती म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून ती जिंजी येथे, वेढ्याच्या काळातच लिहिली गेली. तिच्या रचनेच्या वर्षाविषयी १६९४ व १६९७ अशी दोन मते आहेत. कोणतेही स्वीकारले तरी हे लेखन वेढ्याच्या वर्षांतीलच ठरते. शिवचरित्राचा हा आद्य व तुलनेने सर्वाधिक विश्वसनीय मराठी वृत्तांत आहे. तो लिहिणारा राजगिरीच्या सान्निध्यात बसलेला होता. पण त्याच्या गद्यात ज्या डोंगराचे रूप साकार होते तो रायगड होय. रायगडाचा कडा तासून काढल्यासारखा एकसंध आहे, पावसाळ्यातही त्यावर गवत उगवत नाही, दौलताबाद चांगला खरा पण उंचीने कमी, अशा आशयाचे सभासदाचे वर्णन मराठी वाचकांना परिचित आहे. हे वर्णन लिहिले जात असताना रायगड शत्रूच्या ताब्यात होता, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. ज्याची गवताची काडीही आठवते असा तो गमावलेला डोंगर आहे.

सभासद दक्षिणेकडील भूदृश्याविषयी उदासीन होता असेही म्हणता येत नाही. वेलूरच्या कोटाचे त्याचे वर्णन विलक्षण जिवंत आहे. पाण्याने भरलेला खंदक, त्यातील हजारो सुसरी, आणि कोटाजवळच्या डोंगरांवर महाराजांनी बांधविलेले साजरा व गोजरा हे दोन गड, हे सारे त्याने नोंदविले आहे. जेथे तो स्वतः राहत होता त्या चंदीविषयी, कारण त्या काळच्या मराठी लेखनात जिंजी बहुधा ‘चंदी’ म्हणूनच येते, तो जे सांगतो ते मोहिमेच्या ओघात आलेले व संक्षिप्त आहे. वेलूर दिसते, रायगड तर हुबेहूब दिसतो. चंदी दिसत नाही.

याचे एक कारण आज्ञेच्या स्वरूपात आहे. राजारामांना हवे होते ते आपल्या पित्याचे चरित्र. चालू काळाची हकिकत नव्हे. दुसरे कारण अधिक खोलवरचे असावे. वेढ्यात सापडलेल्या दरबाराला राज्य अजून जिवंत आहे हे सिद्ध करावयाचे होते, आणि त्या राज्याचे मूळ सह्याद्रीत होते. बखरीतील गडांची जंत्री ही या दृष्टीने वाचली तर ती हिशेबाची यादी न राहता हक्काची घोषणा ठरते. जिंजीचे डोंगर या गद्याचा विषय होऊ शकले नाहीत, कारण ते त्या गद्याचे आसन होते. बसण्याच्या जागेकडे पाहावयास लेखकाला मान खाली घालावी लागली असती. त्याची दृष्टी वायव्येकडे लागलेली होती.

४

याच डोंगरांकडे त्याच काळी खालून पाहणारा एक लेखक होता. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून मोगल सैन्यासह जिंजीच्या वेढ्यात होता. त्याचा ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ हा फारसी ग्रंथ अनुभवकथनाच्या अंगाने लिहिलेला असल्याने छावणीतून दिसणारी जिंजी त्यात उतरली आहे. हा एक किल्ला नसून परस्परांना जोडलेल्या अनेक डोंगरी किल्ल्यांचा समूह आहे, ही गोष्ट त्याने नीट टिपली आहे. त्या प्रदेशातील देवळे, छावणीतील धान्याची टंचाई, सैन्याची दैना, हे सारे त्याच्या नजरेतून सुटत नाही. मनात आणले असते तर जुल्फिकारखानाने गड आल्या दिवशीच घेतला असता. पण सेनापतींना युद्ध लांबविण्यातच लाभ असतो, असा शेराही तो निर्भीडपणे मारतो.

भीमसेनाच्या वृत्तांतातून एक गोष्ट समजते, जी मराठी साधनांतून सहजी लक्षात येत नाही. ती म्हणजे येथील पर्जन्याचे चक्र. महाराष्ट्रात दसऱ्याला पाऊस सरतो, नद्या उतरतात आणि सीमोल्लंघन होते. जिंजीच्या मुलखात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कोसळतो. म्हणजे दख्खनच्या सैन्याची पंचांगाने ठरलेली मोहिमेची वेळ हीच येथे चिखलाची वेळ असते. इ. स. १६९२ च्या डिसेंबरात संताजी घोरपडे व धनाजी जाधव या भागात उतरले, तेव्हा मोगल छावणी पावसाने व उपासमारीने आधीच खिळखिळी झालेली होती. कांचीपुरमजवळ अलीमर्दानखान पकडला गेला, छावणीत शहजादा कामबक्षलाच नजरकैदेत ठेवण्याची वेळ आली, आणि जानेवारी १६९३ मध्ये मोगलांना वेढा उठवून वांदिवाशला हटावे लागले. संताजी-धनाजींच्या पराक्रमास यामुळे उणेपणा येत नाही. परंतु जिंजी राखण्यात डोंगराइतकाच पावसाचाही वाटा होता, एवढे त्यावरून निश्चित होते. लष्करी भूदृश्य या संज्ञेचा खरा अर्थ येथे कळतो.

भूदृश्याचा व सत्तेचा संबंध दाखविणारी त्याच काळातील आणखी एक नोंद इंग्रजी कागदपत्रांत आहे. इ. स. १६९० मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी कडलूरनजीकचा किल्ला जिंजी दरबाराकडून विकत घेतला आणि त्याला सेंट डेव्हिड हे नाव दिले. त्याच्या भोवतीची किती जमीन मिळावयाची हे तोफगोळा जेथवर जाईल तेथवर, अशा मापाने ठरले. पैशाची निकड असलेला दरबार डोंगरावर बसून किनारा विकत होता. याचे दूरगामी परिणाम मराठी वृत्तांतांना तेव्हा दिसणे शक्य नव्हते.

५

तमिळ परंपरा याहून सर्वस्वी वेगळी आहे. मोगलांनी जिंजीचे नाव नुस्रतगड ठेवले आणि इ. स. १७०० मध्ये तिची किल्लेदारी स्वरूपसिंग बुंदेल्याकडे आली. इ. स. १७१४ मध्ये तो वारल्यावर त्याचा तरुण पुत्र तेजसिंग याने अर्काटच्या नबाब सादतुल्लाखानाचा अधिकार मानण्यास नकार दिला, आणि ऑक्टोबर १७१४ मध्ये तो रणांगणात पडला. त्याची सत्ता सुमारे दहा महिने टिकली. तमिळ लोककथागीतात हाच ‘देसिंगु राजा’ म्हणून अमर झाला. दिल्लीच्या बादशहाचा कोणालाही न आवरणारा घोडा त्याने काबूत आणल्याची, त्याचा मुसलमान मित्र लग्नमंडपातून उठून युद्धास धावल्याची, आणि पत्नीने सहगमन केल्याची कथा गावोगाव गायिली गेली. सिंगवरम्‌च्या रंगनाथाने युद्धास जाऊ नको म्हणून सांगितले. देसिंगु ऐकेना, तेव्हा देवाने मुख फिरविले, असे लोक सांगतात. मूर्तीच्या वळलेल्या मस्तकाचा अर्थ कथेने असा लावला आहे.

येथे भूदृश्य हे कथेचे पात्र झाले आहे. मूर्ती, तलाव, रणभूमी, चितेची जागा यांपैकी प्रत्येक ठिकाण कथेतील एका प्रसंगाला बांधलेले आहे. ज्या बुंदेल्यांच्या छावणीतून भीमसेन या डोंगरांकडे परक्याच्या नजरेने पाहत होता, त्याच बुंदेल्यांतील एका तरुणाला या डोंगरांनी आपला म्हणून स्वीकारले, हाही इतिहासाचा एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

दुसरी तमिळ परंपरा द्रौपदी-उपासनेची आहे. आल्फ हिल्टेबाइटेल यांनी इ. स. १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जिंजी हा या संप्रदायाचा केंद्रप्रदेश असल्याचे विस्ताराने दाखविले. जिंजीनजीकच्या मेलच्चेरी येथील देवालयास या परंपरेत आद्य स्थान आहे. येथील तेरुक्कूत्तु या नाट्यप्रकारात महाभारत रात्र रात्र उभे राहते. देवीच्या रक्षकांत पोत्तु राजाबरोबर मुत्ताल रावुत्तन् हा मुसलमान वीरही असतो. कुरुक्षेत्र येथे जिंजीच्या डोंगरांत उतरले आहे, आणि गडाचा संमिश्र इतिहास देवीच्या परिवारात सामावला आहे.

६

या सर्व परंपरा एकत्र ठेवल्या असता काळाचे व स्मृतीचे एक विषम प्रमाण दिसते. मराठ्यांची सत्ता जिंजीवर १६७७ पासून १६९८ पर्यंत, म्हणजे सुमारे एकवीस वर्षे होती. देसिंगुची दहा महिने. तरी डोंगराची लोकस्मृती देसिंगुची आहे. याची कारणे वाङ्मयप्रकारांत शोधावी लागतात. बखर दरबारासाठी, एका कर्त्या पुरुषाच्या आज्ञेने लिहिली जाते. ती लिहविणारा निघून गेला की तिची पोथीही त्याच्याबरोबर जाते. सभासदाची बखर महाराष्ट्रात आली आणि मराठी इतिहासलेखनाचा आधार झाली. कथागीत मात्र जागेला चिकटून राहते, कारण ते गाणारे व ऐकणारे तेथेच राहतात. पुढील मराठी परंपरेतही जिंजीची जी आठवण प्रामुख्याने टिकली ती सुटकेची आहे. राजाराम महाराजांना वेढ्याबाहेर काढण्यासाठी खंडो बल्लाळाने आपले वतन शिर्क्यांना देऊन टाकले, ही कथा चिटणीसांच्या घराण्याने जतन केली. संस्कृत काव्यात जिंजीस येणे आहे, मराठी कथेत जिंजीहून जाणे आहे. राहणे मात्र कोठे फारसे नाही.

म्हणून जिंजीला ‘मराठा’ भूदृश्य म्हणताना हे विशेषण कोणत्या अर्थाने वापरावयाचे, याचा निर्णय करावा लागतो. लष्करी अर्थाने ते सार्थ आहे. १६७७ नंतरची तटबंदी, वेढ्यातील आठ वर्षे आणि त्या काळात टिकून राहिलेली राज्यसंस्था यांचे श्रेय निर्विवाद आहे. वाङ्मयीन अर्थाने मात्र हे भूदृश्य मराठीने अद्याप वाचावयाचे आहे. त्यासाठी सभासदाच्या बखरीशेजारी भीमसेनाचा फारसी ग्रंथ, नारायणन् पिळ्ळैचा तमिळ वृत्तांत आणि देसिंगुचे कथागीत ठेवून वाचणे आवश्यक आहे. मराठीच्या अभ्यासकाला यासाठी तमिळकडे वळावे लागेल, आणि तमिळच्या अभ्यासकाला, आपल्या डोंगरांच्या कुशीत मराठी गद्याचा एक आद्य ग्रंथ जन्मला, हे ध्यानात घ्यावे लागेल.

गडाचा पुढील इतिहासही हेच सुचवितो. इ. स. १७५० मध्ये फ्रेंचांनी एका रात्रीत जिंजी घेतली. १७६१ मध्ये ती इंग्रजांकडे, १७८० मध्ये हैदरअलीकडे गेली. येथील वेंकटरमण मंदिराचे उंच एकाश्म स्तंभ फ्रेंचांनी पुदुच्चेरीस नेले, आणि ते आजही तेथील समुद्रकिनाऱ्यावर उभे आहेत. स्तंभ नेता आले, बखरीची पोथी नेता आली, राजाही निसटून जाऊ शकला. कड्यावरील जैन लेख, खडकात शयन केलेला रंगनाथ आणि तीन टेकड्यांना बांधणारा तट तेवढे जागच्या जागी राहिले. ज्या भाषांनी त्यांच्याविषयी लिहिले त्या सर्व एकमेकींशेजारी ठेवल्या, तरच या लहानशा डोंगररांगेचा इतिहास पुरता होईल.